ब्रेकसाहेबांची सुट्टी

५ नोव्हेंबर, संध्याकाळ

पोचलो. नवी वही सुरू. ही फक्त माझ्यासाठी. हिच्या हाती लागू नये म्हणून हेल्मेटच्या पिशवीत ठेवणार. त्या पिशवीला ही हात लावत नाही. सुट्टीला जाताना सेफ्टी हेल्मेट कोण घेतं, असं बॅग भरताना म्हणाली होती. मी म्हटलं, ज्याच्या डोक्याला किंमत आहे तो घेतो. त्यावर काही बोलली नाही. पटलं असावं.

संकल्प: ऑफिसचा विषय काढायचा नाही. लोकांच्या चुका दाखवायच्या नाहीत. हिच्या मनासारखं करायचं.

शेवटचा महत्त्वाचा. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा भूल उतरता उतरता ही एकच वाक्य बोलली होती, की पायावर उभी राहिले की आधी समुद्रात उभी राहणार. लग्नाआधी माहेरच्या नदीत पोहायची म्हणे. लग्नानंतर पाणी म्हणजे नळाचं. मी तिथल्या तिथे शब्द दिला की मी नेतो. लेक ऐकत होती. तिनं आणि जावईबापूंनी लगेच हे हॉटेल बुक करून टाकलं. बाराला आमच्या लग्नाचा वाढदिवस, तेराला परत.

हॉटेल चांगलं आहे. फक्त एक बारीकशी गोष्ट लेकीनं नीट वाचलेली दिसत नाही. समुद्र हॉटेलच्या समोर नाही, खाली आहे. म्हणजे सरळ खाली. अंगणाच्या कठड्यावरून वाकलं की आधी स्वतःच्या चपला दिसतात आणि मग एकदम लाटा. मध्ये काहीच नाही.

आम्ही बेटाच्या बंदरावरून बसनं डोंगराला वळसा घालून वर आलो, म्हणून आधी कळलं नाही. किनाऱ्यावर उतरायला दोनच वाटा. एक, कड्यात खोदलेल्या पायऱ्या. त्या हिला डॉक्टरांनी बंद केल्यात. दुसरी, रोपवे. दोन ट्रॉल्या, एक लाल, एक निळी. एक चढते तेव्हा दुसरी उतरते. दोर इतका उभा की ट्रॉली उतरतच नाही, पडते, आणि ऐन वेळी कुणीतरी तिला धरतं असं वाटतं.

हिनं कठडा धरून खाली पाहिलं. उद्याच जाऊ म्हणाली. लेकीच्या लग्नानंतर इतकी खूश मी तिला पाहिली नव्हती. मी म्हटलं, आधी सर्व्हे.

६ नोव्हेंबर, दुपारच्या जेवणाआधी

सर्व्हे केला. वरच्या स्टेशनासमोरच्या बाकावर बसून. बाक कड्यापासून सुरक्षित अंतरावर आहे, हे या बेटावरचं पहिलं शहाणपण.

निरीक्षणं. लाल ट्रॉली सुटताना कण्हते. निळी कण्हत नाही, हे जास्त वाईट. दोरावर काळं ग्रीस आहे, पण एका पट्ट्यावर नाही. तो पट्टा वर चाकापाशी आला की टक् असा आवाज येतो. बाकीच्यांना येत नाही. त्यांचा कान तयार नाही.

ट्रॉली चालवणारा एकच इसम. तिकीटही तोच फाडतो, दारही तोच लावतो, दांडाही तोच ओढतो. डोक्यावर लोकरीची टोपी, म्हणून त्याला टोपीवाला म्हणू. हसत नाही. दोर शेवटचा कधी बदलला, विचारलं. म्हणाला, तो आला तेव्हा हाच होता. त्याच्या आधीचा माणूसही हाच होता म्हणायचा. आधीचा माणूस कुठे गेला, विचारलं. खाली, म्हणाला. आणि दात कोरत बसला.

माझ्या पोटात गोळा आला. सकाळचं ऑम्लेट तेलकट होतं.

त्याला माझं कार्ड दिलं. बाटल्यांची झाकणं करणाऱ्या कारखान्यात मी सेफ्टी ऑफिसर आहे आणि माझ्या कारकिर्दीत एकही अपघात नाही, हे सांगितलं. (प्रॉडक्शनवाले म्हणतात, कारण साहेब मशीनच चालू ठेवत नाहीत. जळतात मेले.) टोपीवाल्यानं कार्ड नीट वाचलं, घडी केली आणि डुगडुगणाऱ्या स्टुलाच्या पायाखाली सारलं. स्टूल डुगडुगायचं थांबलं. शेवटी माझाच उपयोग झाला.

हिला रिपोर्ट दिला. सुचवलं की मी पायऱ्यांनी उतरतो, तू वरून कठड्यापाशी उभी राहून हात हलव. म्हणजे दोघांची ट्रिप झाल्यासारखं होईल. ही म्हणाली, कठड्यावरून हात हलवायला मी इतक्या लांब आलेली नाही.

७ नोव्हेंबर, सकाळ

आज जायचं ठरलं होतं. वारा.

नोंद करून ठेवतो: मला उंचीची भीती नाही. भीती हा शब्दच मी वापरत नाही. कारखान्यातही वापरू देत नाही. धोका म्हणायचं. भीती माणसाच्या पोटात असते, धोका बाहेर असतो. बाहेरच्या गोष्टीला माझा इलाज नाही.

तरी हिच्या समाधानासाठी फलाटापर्यंत गेलो. एक तंत्र शोधून काढलंय. कड्याजवळ जाताना लांबचा चष्मा काढायचा. चष्मा काढला की खोली निम्मी होते. समुद्र म्हणजे नुसता निळा पडदा. हेल्मेट घातलं, पट्टा आवळला, चष्मा खिशात टाकला. ही आधी चढली, काठी टेकत. आत उभी राहून माझ्याकडे हात केला.

मी एक पाय आत ठेवला. ट्रॉली हलली. फलाट आणि ट्रॉली यांच्यामध्ये एक फट आहे. त्या फटीतून आवाज येत होता. पाण्याचा. फार खालून. चष्मा नसला तरी कान असतात, हा मुद्दा राहून गेला होता.

तेवढ्यात आठवलं की खोलीतला नळ चालू राहिलाय. पाण्याचा अपव्यय मला सहन होत नाही. गेलो. नळ बंदच होता, पण खात्री केलेली बरी. परत आलो तेव्हा ही ट्रॉलीतून उतरून बाकावर बसली होती. टोपीवाला दाराला टेकून दात कोरत होता. मी म्हटलं, सावध तो सुखी. तिनं काठी उचलली आणि खोलीकडे निघाली.

दुपारी दोन ते चार झोपलो. डॉक्टरांनी सांगितलंय. (हिच्या. पण मलाही लागू आहे.)

८ नोव्हेंबर, दुपारी चारनंतर

झोप उत्तम. उठलो तर खोलीत वाळू. पलंगापासून मोरीपर्यंत. हॉटेलच्या मालकीणबाईंकडे तक्रार केली की या लोकांना साधं झाडता येत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग हिच्याकडे पाहिलं, आणि झाडायला सांगते म्हणाल्या. ही खिडकीबाहेर बघत होती. केस ओले. या हवेत दोनदा आंघोळ करायला लागली आहे. सुट्टीत माणसं बिघडतात.

शेजारच्या खोलीत एक रिटायर्ड नर्सबाई उतरल्यात. एकट्याच फिरतात. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. रोज रोपवेनं खाली जातात. जेवताना मला विचारलं, साहेब, तुम्ही का येत नाही. मी दोराच्या त्या कोरड्या पट्ट्याविषयी सांगितलं. एका पाहुण्यानं काटा खाली ठेवला. चार लोकांचं हित झालं असं वाटलं. नर्सबाई मात्र ही-ही करून हसल्या आणि म्हणाल्या, दोराला काय धाड भरलीय, माणसंच कधी कधी कोरडी असतात. अर्थ लागला नाही.

टोपीवाल्याच्या आधीचा माणूस जिवंत आहे, हेही त्यांच्याकडूनच कळलं. किनाऱ्यावर चहाची टपरी चालवतो. हे आधी सांगायला काय झालं होतं?

आजचा सर्वांत मोठा शोध: फलाटावर, खांबाला, काचेच्या झाकणाची पेटी. आत लाल बटण. धोका दिसल्यास दाबा. बघून ऊर भरून आला. परक्या ठिकाणी गाववाला भेटावा तसं झालं. आमच्या कारखान्यात मी प्रत्येक भिंतीला बसवलीत. तिथे मला पाठीमागे ब्रेकसाहेब म्हणतात. आदरानं.

टोपीवाल्यानं माहिती दिली, थोडी कुरकुरतच. बटण दाबलं की दोन्ही ट्रॉल्या असतील तिथे जाम होतात. मग मोटर सुरू होत नाही. पलीकडच्या किनाऱ्यावरून मेकॅनिक बोटीनं येतो, तपासतो, किल्लीनं ब्रेक सोडवतो. तोवर रोपवे बंद. नियम आहे. मी त्याचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. त्यानं हात सोडवून घेतला.

९ नोव्हेंबर, संध्याकाळ

लेकीचा व्हिडिओ कॉल. बाबा, खाली गेलात का, हाच पहिला प्रश्न. मी वर्णन केलं. ट्रॉली अलगद सुटते, कडा मागे सरकतो, पाण्यातले खडक दिसायला लागतात, किनाऱ्यावर उतरलं की वाळू गार लागते. हे सगळं नर्सबाईंनी जेवताना सांगितलेलं आहे, म्हणजे माहिती खरीच आहे. मी गेलो असं कुठेही म्हटलं नाही. लेक म्हणाली, आई, मज्जा आहे तुमची.

ही फोनकडे बघून हसली. फोन ठेवल्यावर हसू तसंच राहिलं, पण डोळे नव्हते त्यात. म्हणाली, वाळू गार नसते दुपारी, तापलेली असते. मी विचारलं, तुला काय माहीत. म्हणाली, अंदाज.

मग शेजारी येऊन बसली. म्हणाली, बाकी काही नको, हार नको, साडी नको. बाराला सकाळी पहिल्या ट्रॉलीनं दोघं मिळून जाऊ. एवढंच. मी एकटीनं समुद्रात उभी राहीन हो, पण तुम्ही शेजारी असावंत असं वाटतं. या वयात असलं मागताना लाज वाटते, तरी मागते.

मला भरून आलं. शब्द दिला. बारा तारीख, पहिली ट्रॉली. माझा शब्द म्हणजे शब्द.

१० नोव्हेंबर

सकाळी पक्षी दोरावर बसायचे. आज एकही नाही.

मालकीणबाई म्हणाल्या, खाली मासळीच्या होड्या आल्यात, तिकडे गेले असतील. भोळ्या आहेत. जनावरांना आधी कळतं.

आकाश मळकं. समुद्राचा रंग शिशासारखा. दोर आता गुणगुणतो. खिडकी लावली तरी ऐकू येतो. हिला विचारलं, ऐकू येतंय का. तीच गुणगुणत होती. कसलं तरी जुनं गाणं, पायावर तेल चोळत. पाय रापलेत. मी आखून दिलेल्या संध्याकाळच्या फेऱ्यांचा परिणाम. चालही सुधारली आहे. काठी खोलीतच विसरते. माझ्या शिस्तीचं फळ, पण श्रेय द्यायला कुणी नाही.

जेवण गेलं नाही. परवा बारा.

११ नोव्हेंबर, सकाळ

उद्या.

वारा वाढतोय. निळी ट्रॉली स्टेशनात उभी असतानाही डुलते. बाकावर बसून दोराकडे पाहत होतो. तो कोरडा पट्टा चाकापाशी आला, टक्. पुन्हा आला, टक्. टोपीवाल्याला म्हटलं, ऐकलंत? तो म्हणाला, काय?

विचार करतो आहे. शब्द दिलाय, तो मोडणार नाही. पण समजा, रोपवेच बंद असला तर? तर शब्द मोडला असं होत नाही. परिस्थिती मोडली असं होतं. हिलाही वाईट वाटणार नाही, कारण माझ्यावर राग धरायला जागाच उरणार नाही. आम्ही दोघं कठड्यापाशी खुर्च्या टाकून चहा पिऊ. छान होईल.

आणि धोका तर आहेच. धोका दिसल्यास दाबा, असं लिहिलेलं आहे. बिघाड झाल्यास दाबा असं लिहिलेलं नाही. कारखान्यात मी नेहमी सांगतो, शंका आली की बंद करून ठेवा. मशीन बंद असलं की माणूस सुरक्षित. हे तत्त्व सुट्टीतही बदलत नाही.

वेळ: दुपार. तेव्हा सगळे झोपतात, ट्रॉल्या रिकाम्या फिरतात. आज झोपेचा त्याग करणार. हिला म्हटलं, मी पडतो. ती म्हणाली, पडा, मी गच्चीत वाचत बसते. खिडकीला पडदे लावून, पांघरूण नीट करून गेली. बायको म्हणून हिला तोड नाही.

११ नोव्हेंबर, संध्याकाळ

अक्षर वाईट येतंय. क्रमानं लिहितो.

हेल्मेट घातलं. चष्मा खिशात. फलाटावर फक्त टोपीवाला, दांड्यापाशी, पाठमोरा. लाल ट्रॉली वर येत होती, बरीच जवळ आली होती. मी खातरजमा केली. काचांवर खारं पाणी उडून त्या पांढऱ्या झाल्या होत्या. आत काही तरी पांढरं हललं, पण ते काचेवरचं ऊन असावं, किंवा पडदा. ट्रॉलीला पडदा नाही, हे नंतर लक्षात आलं.

हात वर केला. झाकण उघडलं. दाबलं.

घंटा झाली. खाली कुठे तरी लोखंड लोखंडावर घासलं आणि ट्रॉली जागच्या जागी थांबली. तिला थांबायचं नव्हतं. ती पुढे झुकली, मागे गेली, पुन्हा पुढे. कड्याचा खडक तिथे बाहेर आलेला आहे. एका बाजूला तो खडक आणि खाली नुसतं पाणी. टोपीवाला धावत आला. काय दिसलं, काय दिसलं, असं ओरडत. मी म्हटलं, संभाव्य. तो म्हणाला, काय संभाव्य. तेवढ्यात त्याच्या केबिनमधला फोन वाजला. ट्रॉलीतून आलेला फोन.

म्हणजे आत माणूस होता.

टोपीवाल्यानं ऐकलं. हं, हं, केलं. मग वळून माझ्या हेल्मेटकडे पाहिलं. म्हणाला, दोघी आहेत. नर्सबाई आणि एक बाई. त्या बाई म्हणतायत, वर पिवळं हेल्मेट घालून उभे आहेत ते माझे मिस्टर आहेत. त्यांना उंचीची भीती वाटते. त्यांना कडेला उभं राहू देऊ नका, आत बसवा, पाणी द्या. आम्ही ठीक आहोत म्हणावं, घाबरू नका.

मी बसलो. त्याच स्टुलावर. पाणी दिलं, ते प्यालो.

रोज जात होती. मी झोपलो की रोज. वाळू, केस, पाय. गच्ची. सगळं एकदम कळलं आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

मेकॅनिकला फोन लावला. त्यानं सांगितलं, समुद्र खवळलाय, बोट सुटणार नाही, सकाळीच येईन. तोवर काय, तर हाताचं चाक, त्याला किल्ली लागत नाही. ब्रेक जरासा सैल सोडायचा, चाक थोडं फिरवायचं, ब्रेक पुन्हा आवळायचा. असं करत ट्रॉली वर ओढायची. टोपीवाला, हॉटेलचा स्वयंपाकी, दोघं पाहुणे. मी सूचना देत होतो. टोपीवाला एकदाच बोलला. म्हणाला, साहेब, उंटावरून शेळ्या हाकू नका, हात लावा.

लावला. ग्लोव्हज नसताना. नियमाविरुद्ध. तळहात सोलले. हाक जाईल इतकी ट्रॉली जवळ होती, पण वाऱ्यात हाक जात नव्हती. मी मारून पाहिली. अगं, अगं, असं ओरडत होतो. दोर टक् करायचा आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता. आता गेला. दर वेळी चाक फिरवताना एकच येत होतं मनात, की दोराचं मी खरं बोलत असलो तर? देवा, मी खोटारडा ठरू दे. पट्टा बिट्टा काही नसू दे.

एक शब्द लिहून ठेवतो, कुणी वाचणार नाही. भीती. धोका नव्हे. भीती वाटली. ती गेली तर मी काय करू, अशी.

अंधारून यायच्या आत ट्रॉली फलाटाला लागली. नर्सबाई आधी उतरल्या. चेहरा पांढराफटक. हसू कुठल्या कुठे. मग ही. ओले केस, टॉवेल खांद्यावर, ओठ निळे. मी शाल पुढे केली. तिनं घेतली.

आणि माझ्या तोंडून काय निघावं? मी म्हटलं, बघ, मी सांगत नव्हतो, दोरात दोष आहे म्हणून? कुणीतरी वेळेवर बटण दाबलं म्हणून बरं. टोपीवाल्यानं मान खाली घातली. स्वयंपाक्यानं दुसरीकडे पाहिलं. ही माझ्याकडे बघत राहिली.

खोलीत येऊन पलंगावर बसली. मी चहा करून दिला, तो तिनं धरून ठेवला, प्यायली नाही. मग बोलली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

म्हणाली, वर येताना मला लांबूनच पिवळं दिसलं. एवढ्या बेटावर पिवळं हेल्मेट एकच आहे. नर्सबाईंना म्हटलं, बघा, आले. आमचे हे आले. उद्याचा दम नाही निघाला, आजच मला न्यायला आले. मी टॉवेल हलवला. तुम्ही हात वर केलात. मला वाटलं, तुम्हीही हलवताय.

मग म्हणाली, तो हात कुठे गेला, ते मी पाहिलं.

मी म्हटलं, चष्मा नव्हता. ते खरंच आहे. ती म्हणाली, हो.

मग चहा खाली ठेवून म्हणाली, मेकॅनिक सकाळी येतोय. पहिली ट्रॉली सुटली की मी जाणार. तुम्हाला उठवू का? मी म्हटलं, अगं, इतकं झाल्यावर परत? ती म्हणाली, माझं काही झालेलं नाही. मी अजून पुरती पोहले नाहीये.

१२ नोव्हेंबर, सकाळ

लग्नाचा वाढदिवस. हवा स्वच्छ. वारा नाही. समुद्र तव्यासारखा सपाट. पक्षी दोरावर ओळीनं.

मेकॅनिक पहाटेच्या बोटीनं येऊन गेला. दोर तपासला. उत्तम आहे म्हणाला. तो कोरडा पट्टा म्हणजे दोराचा जोड, तिथे ग्रीस लावायचंच नसतं. टक् आवाज त्याचाच. तरी त्याचं वय फार लहान वाटलं. अनुभव किती, हे विचारायला हवं होतं. लाल बटणाच्या पेटीला टोपीवाल्यानं कुलूप घातलंय. हे साफ नियमबाह्य आहे. घरी गेल्यावर तक्रार करणार.

कालच्या पानावरचा एक शब्द खोडला. घाईत लिहिला गेला होता.

मी हिच्याआधी उठलो. दाढी केली. हेल्मेट खोलीत ठेवलं, मुद्दाम. चष्मा डोळ्यावर. आम्ही दोघं फलाटावर गेलो. वाटेत तिनं माझा हात धरला, हॉटेलचा जिना उतरेपर्यंत. नर्सबाई आधीच आत बसल्या होत्या. ही चढली, काठीशिवाय. वळली. कालच्या सगळ्यानंतरही वळली, आणि जागा करून उभी राहिली. टोपीवाल्यानं दार धरून ठेवलं. दात कोरत नव्हता. वाट बघत होता.

मी फटीपर्यंत गेलो. बुटाचं टोक फटीच्या या काठाला. चष्म्यातून सगळं दिसत होतं. खडक, फेस, खाली टपरीतून निघणारा धूर, धुराशेजारी एक माणूस, मुंगीएवढा.

मी म्हटलं, नुकतंच दुरुस्त झालंय. पहिली फेरी ट्रायल असते. जास्त वजन नको. तुम्ही व्हा पुढे, मी पुढच्या ट्रॉलीनं येतोच.

तिनं मान हलवली. ओठ हलले, पण काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. टोपीवाल्यानं आणखी थोडा वेळ दार धरलं. मग लावलं.

ट्रॉली सुटली. कण्हली नाही. मी बाकापाशी न थांबता कठड्यापर्यंत गेलो. स्वतःहून. हात हलवला. बराच वेळ हलवत राहिलो, ट्रॉली काडेपेटीएवढी होईपर्यंत. आज काच पुसलेली होती, त्यामुळे सगळं नीट दिसत होतं. ही माझ्याकडे पाठ करून उभी होती, समुद्राकडे तोंड करून. शेवटपर्यंत तशीच.

बरोबर आहे. प्रवासात तोंड जाण्याच्या दिशेलाच असावं. मीच शिकवलंय.